वकिलाचा पियानो

ऑटो प्रेमिंजर यांचा ‘अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) आज पुन्हा पाहिला, की एक गोष्ट चटकन कानाला जाणवते. ड्यूक एलिंग्टनसारखा संगीतकार हाताशी असूनही खटला चालू असताना त्याचा एक सूरही ऐकू येत नाही. चित्रपट दोन तास चाळीस मिनिटांचा, आणि त्यातला मोठा भाग कोर्टात घडतो. तिथे साक्षीदार अडखळतात, सरकारी वकील जॉर्ज सी. स्कॉट अंगावर धावून गेल्यासारखी उलटतपासणी घेतो, न्यायाधीश दोन्ही बाजूंना झापतात, पण कोण खरं बोलतंय याचा इशारा करायला वाद्यवृंद येत नाही. संगीत आहे ते कोर्टाच्या बाहेर: बचावाच्या वकिलाच्या घरात, रस्त्यावर, रात्रीच्या बारमध्ये. हॉलिवूडमध्ये जॅझची सोयरीक तोवर गुन्हेगाराशी होती. ती वकिलाशी जुळली या चित्रपटात, आणि ते एकाएकी घडलं नाही.

गोष्ट मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखातली. पॉल बीग्लर (जेम्स स्टुअर्ट) हा निवडणुकीत सरकारी वकिलाचं पद गमावलेला माणूस. मासे पकडावेत, जुनाट फ्रिजमध्ये ते कोंबावेत आणि पियानोवर जॅझ वाजवावा, एवढाच त्याचा उद्योग. त्याच्याकडे लष्करातल्या एका लेफ्टनंटचा खटला येतो. बायकोवर बलात्कार केला म्हणून लेफ्टनंटने एका बारमालकाला गोळ्या घातल्या आहेत. कथेमागे १९५२ साली बिग बे या गावात घडलेला खरा खून होता. त्या खटल्यात आरोपीचे वकील होते जॉन व्होल्कर, आणि त्यांनीच रॉबर्ट ट्रॅव्हर या टोपणनावाने कादंबरी लिहिली. १९५८ साली ती आली तेव्हा ते मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. त्यामुळे कोर्टाची भाषा अस्सल आहे. पडद्यावरचे न्यायाधीशही पेशाने नट नव्हते. १९५४ च्या सुनावणीत सिनेटर मॅकार्थींना भर सभागृहात निरुत्तर करणारे वकील जोसेफ वेल्च ते. (मार्च ते मे १९५९ या काळात हे चित्रीकरण चालू असतानाच, एप्रिलच्या अखेरीस मुंबईत कमांडर नानावटींनी प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या. तिकडेही लष्करी अधिकारी, बायको, तिसरा माणूस आणि ज्यूरी. इतका योगायोग पटकथेत घातला असता तर कुणी चालवून घेतला नसता.)

आता जॅझकडे वळू. १९२० ते १९३३ ही अमेरिकेतल्या दारूबंदीची वर्षं. याच काळात हे संगीत चोरट्या दारूच्या अड्ड्यांत आणि टोळीवाल्यांच्या क्लबांत पोसलं गेलं. खुद्द एलिंग्टनचं नाव १९२७ पासून गाजलं ते हार्लेममधल्या कॉटन क्लबात. मंचावर काळे कलावंत, टेबलांवर गोरी गिऱ्हाइकं आणि मालक दारूचा तस्कर. तिथेच त्याच्या वादकांनी ट्रम्पेटच्या तोंडावर मोरी साफ करायच्या पंपाचा रबरी वाडगा धरून गुरगुरणारा, माणसाच्या घशातून आल्यासारखा आवाज काढायची कला पक्की केली. सिनेमाने हा आवाज उचलला, पण त्याबरोबरचं बदनाम वातावरणही उचललं. पडद्यावर सॅक्सोफोन वाजला, की प्रेक्षकाने समजून जावं: बाई वाईट चालीची आहे, किंवा पुरुष व्यसनी.

हे समीकरण किती पक्कं होतं याचा नमुना ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मध्ये (१९५१) मिळतो. अ‍ॅलेक्स नॉर्थने त्याला जॅझच्या वळणाचं पार्श्वसंगीत दिलं. नायिकेची बहीण स्टेला जिना उतरून नवऱ्याकडे येते त्या प्रसंगातलं संगीत कॅथलिक नीतिरक्षकांना फारच कामुक वाटलं, आणि स्टुडिओने ते बदलून सोज्वळ तंतुवाद्यं घातली. नुसत्या सुरांवर कात्री चालली! चार वर्षांनी प्रेमिंजर यांनीच ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ काढला. एल्मर बर्नस्टाइनचं धडाकेबाज जॅझ संगीत आणि हेरॉइनच्या आहारी गेलेला फ्रँक सिनात्रा. १९५८ साली ‘आय वॉन्ट टू लिव्ह!’मध्ये जॉनी मँडेलचा जॅझ देहदंड झालेल्या कैदी बाईसोबत थेट गॅस चेंबरपर्यंत गेला. ही तिन्ही संगीतं उत्तमच आहेत. पण तिन्हींत जॅझ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

प्रेमिंजर आणि एलिंग्टन यांची गाठ मात्र याहून जुनी, आणि ती हुकलेली. १९४४ साली ‘लॉरा’ हा रहस्यपट करताना नायिकेची धून म्हणून प्रेमिंजर यांना एलिंग्टनची ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ हवी होती. संगीतकार डेव्हिड रॅक्सिन अडून बसले. या धुनेला आधीच तिचे स्वतःचे अर्थ चिकटलेले आहेत, हा त्यांचा मुद्दा. एका शनिवार-रविवारात दुसरी धून करून आणा, असं त्यांना फर्मावण्यात आलं, आणि त्यांनी आणली ती ‘लॉरा’ची धून अजरामर झाली. पंधरा वर्षांनी प्रेमिंजर यांना खुद्द एलिंग्टन मिळाला, आणि या चित्रपटातल्या लेफ्टनंटच्या बायकोचं नावही लॉराच निघालं.

या दुसऱ्या लॉरासाठी (ली रेमिक) एलिंग्टनने ‘फ्लर्टिबर्ड’ रचलं, आणि जॉनी हॉजेसच्या आल्टो सॅक्सोफोनने ते असं लाडेलाडे, घसरत घसरत वाजवलं, की जुनं समीकरण परतलं की काय असं वाटावं. हॉजेस लॉराकडे शहर पाहतं तसा पाहतो. घट्ट कपडे, बेफिकीर चाल, म्हणजे हिने ओढवूनच घेतलं असणार. माझ्या मते या संगीतातली सगळ्यात धूर्त खेळी हीच. ऐकणाऱ्याला आपला पूर्वग्रह गोड लागतो आणि मग कोर्टात तोच पूर्वग्रह सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकताना किळस येते. तिथे हॉजेस वाजत असता तर ती किळस बोथट झाली असती.

संगीत एलिंग्टनच्या नावावर आहे, पण त्यातलं बरंच काम बिली स्ट्रेहॉर्नचं. दोघं चित्रीकरणाच्या वेळी मिशिगनमध्ये जाऊन राहिले. संकलन झालेला चित्रपट हाती आल्यावर संगीतकाराला बोलवायच्या त्या काळात ही चैनच. मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण झालं आणि जुलैत चित्रपट लागलासुद्धा. सॉल बासच्या गाजलेल्या नामावलीत कागदातून कापलेले हातपाय, धड, डोकं तुकड्यातुकड्यांनी येतं आणि त्यावर तांब्या-पितळेची वाद्यं तशीच तुटक, कर्कश्श आदळतात. ‘लो की लाइटली’मध्ये रे नान्सचं व्हायोलिन आहे, एरवी ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाचं. टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस. आडनावावरून आपल्याला तो म्हापशा-मडगावचा वाटेल, पण त्याचं घराणं केप व्हर्दी बेटांवरचं, तीही तेव्हा पोर्तुगिजांचीच वसाहत. १९६३ साली हा वाद्यवृंद भारतात आला, मुंबईतही वाजला. तेव्हा मुंबईत खरोखरचे गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा हिंदी चित्रपटांचं संगीत वाजवत होते.

बीग्लर आणि जॅझ यांचं नातं एका छोट्या प्रसंगात उघडपणे दिसतं. रस्त्याकडेच्या बारमध्ये पाय-आय नावाचा बँडवाला पियानो वाजवतोय आणि वकीलसाहेब त्याच्या शेजारी त्याच बाकावर बसून त्याला साथ देतायत. हा पाय-आय म्हणजे खुद्द एलिंग्टन. १९५९ साली काळा आणि गोरा माणूस एका पियानोवर खांद्याला खांदा लावून वाजवताना हॉलिवूडने दाखवणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. पण तो प्रसंग लवकर संपतो. अख्ख्या चित्रपटाला आवाज देणाऱ्या माणसाला पडद्यावर दोनचार वाक्यं येतात, ती बारमधल्या बँडवाल्याची. हे आज खटकतं, आणि खटकायलाच हवं.

तरी सांधा बदलला होता. जॅझ आता विचार करणाऱ्या माणसाचा झाला. बीग्लर पियानोवर बोटं फिरवतो तेव्हा डोक्यात खटलाच घोळत असतो. लेफ्टनंट खरंच भान हरपून गेला होता, की वकिलाने सुचवल्यावर त्याला तसं आठवलं, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. जॅझलाही सुरावट पूर्ण मिटवायची घाई नसते. या संगीताला ग्रॅमीची तीन पारितोषिकं मिळाली. ऑस्करला चित्रपटाची सात नामांकनं होती, त्यात संगीत नव्हतं.

पुढची पिढी. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६२) हाही वकिलाचा चित्रपट, आणि संगीतकार ‘गोल्डन आर्म’वाला बर्नस्टाइनच. इथे त्याने लहान मूल चाचपडत वाजवतंय असा पियानो ठेवला आणि खटला मुकाच सोडला. मग १९९३ साली सिडनी पोलॅक यांचा ‘द फर्म’. जॉन ग्रिशमची कादंबरी, टॉम क्रूझ, मेम्फिस शहर. डेव्ह ग्रूसिनने वाद्यवृंद सोडून दिला आणि जवळजवळ सगळा चित्रपट एकट्या पियानोवर तोलला. मेम्फिस ब्लूजचं गाव, तेव्हा डाव्या हाताला तो ठेका आलाच. पाठलागाच्या प्रसंगातही ढोल नाहीत, पियानोच बडवला जातो. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अनेकांना हा पियानो थरारपटाला पातळ वाटला. मला तो बीग्लरच्या दिवाणखान्यातून आलेला वाटतो. फरक एवढाच, की बीग्लर मजेत वाजवायचा आणि क्रूझच्या वकिलाला पियानो पळवत राहतो.

आपल्याकडे बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ १९६० साली आला तो एकही गाणं न ठेवता. पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. गाणी गेली तरी कोर्टात वाद्यं मात्र राहिली. कोर्ट खरंच मुकं केलं ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४). तिथे गाणं स्वतःच आरोपी आहे. लोकशाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. ती गाणी संभाजी भगतांची, आणि शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार. पार्श्वसंगीत नाहीच. आणि शाहिराचा वकील विनय व्होरा गाडी चालवताना ऐकतो तो जॅझ. मिशिगनच्या वकिलाला ते संगीत बारमधल्या बँडवाल्याच्या बाकावर नेऊन बसवतं. मुंबईत ते गाडीच्या बंद काचांच्या आत राहतं, चीज आणि वाइनच्या खरेदीबरोबर. अशिलाचं गाणं व्होरा कोर्टात हिरिरीने लढवतो, पण गाडीत ते लावत नाही.