पत्रिका-चाचणी, पुणे
जन्मपत्रिकेवरून बुद्धिमत्ता ओळखता येते, हा दावा पडताळण्यासाठी पुणे येथे २००८ मध्ये झालेला सांख्यिकीय प्रयोग. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी तो योजिला. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिकांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिष्यास धाडण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, हे ती धाडणाऱ्यांनाही ज्ञात नव्हते. नुसते नाणे उडवूनही सुमारे २० उत्तरे बरोबर येतात. म्हणून यशाची मर्यादा आधीच २८ ठरविली होती. योगायोगाने ती हजारांत सुमारे आठ वेळाच गाठली जाते. उत्तरे देणाऱ्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली. सर्वोच्च गुण २४. मात्र तो आकडा फसवा होय, कारण नाणी उडविणाऱ्या २७ जणांतही तिघाचौघांनी तो गाठला असता.