पाझर तलावाचं पाणी कुणाचं?

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यामुळे त्या दिवसांची आठवण माझी नाही, अम्मीची आहे. आमचं घर पिंजाऱ्याचं. जिथं खायचे वांधे, तिथं गादी कोण भरून घेणार? अब्बांची धनुकली खुंटीला लागली आणि अम्मी खडी फोडायला गेली. तिथं मिळालेली सुकडी ती पदरात बांधून आणायची. ‘मिलो’च्या लाल भाकरीचं नाव काढलं, की ती शेवटपर्यंत तोंड वाकडं करायची.

मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की बंद. त्या मेहेरबानीचा हक्क करण्याचं श्रेय वि. स. पागे यांचं. विधान परिषदेच्या या सभापतींनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला आधीच छोटा प्रयोग करून पाहिला होता. 1972 मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. (हा भत्ता कागदावरच राहिला, ते सोडा.) पैसा कुठून? 1975 पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. मुंबईतल्या कारकुनानं मराठवाड्यातल्या मजुराची चूल पेटवायची, हे मला आजही मोठं वाटतं.

हमीनं कुणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, सातबाराही मागितला नाही. बाई आणि पुरुष, दोघांना कामाचा दर एकच. शेतावर अर्ध्या मजुरीची सवय असलेल्या बायकांना हे नवलच होतं. आमच्या गावच्या मुकादमानं मात्र अम्मीचं नाव मस्टरवर कधी लिहिलं नाही. ‘पिंजाऱ्याची बायको’ एवढंच लिहायचा. अंगठा तिचा, नाव नवऱ्याचं.

1988 मध्ये मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि दर जवळपास दुप्पट झाला. न्याय झाला खरा, पण पुढं कामंच रोडावली. ‘मागेल त्याला’ हे शब्द तिथं पातळ झाले. 2005 मध्ये देशाचा कायदा झाला, त्यातली बरीचशी कल्पना आपल्या योजनेचीच. पण त्यात वर्षाला शंभर दिवस आणि तेही कुटुंबामागे. आपल्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती आणि हक्क एकेका माणसाचा होता. म्हणजे बाईचा स्वतःचा. हा फरक लहान नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हमीच्या कामांतून पाझर तलाव झाले, नाल्यांना बांध पडले. 1990 पासून फळबागाही योजनेला जोडल्या गेल्या. पण तलाव पाझरतो तो ज्याची विहीर खाली आहे त्याच्यासाठी. माती वाहिली भूमिहीनांनी, ऊस पिकला जमीनदाराचा. मजुरी दिली म्हणजे हिशेब मिटला, असं त्यावेळी बहुतेकांना वाटलं. तलाव बांधणाऱ्यांना त्या पाण्यात वाटा द्यावा, असं कायद्यात कुठंही आलं नाही.

आमच्या गावचा तलाव अजून आहे. त्याच्या खाली द्राक्षाचे मांडव आहेत. अम्मी थकल्यावर एकदा मी तिला गाडीनं तिकडं घेऊन गेलो. भिंतीवर उभी राहून तिनं बराच वेळ दगड न्याहाळले. मग विचारलं, “यातले माझे कुठले रे?”