खासगी शाळा : विद्यार्थ्यांचे रक्षण आणि नियोक्त्याची कर्तव्ये

खासगी शाळा चालविणारी संस्था कायद्याच्या दृष्टीने एकाच वेळी दोन भूमिकांत असते. शाळेच्या वेळेत ती विद्यार्थ्यांची रक्षणकर्ती असते. त्याच वेळी ती शिक्षक, लिपिक, शिपाई, सफाई कामगार व बसचालक यांची नियोक्ता असते. दोन्ही भूमिकांचे कायदे वेगवेगळे असले, तरी व्यवहारात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. कर्मचारी नेमताना केलेली हयगय विद्यार्थ्याच्या जिवावर बेतू शकते, तर दोषी कर्मचाऱ्यावर नियमबाह्य पद्धतीने केलेली कारवाई न्यायालयात रद्द ठरू शकते.

कर्मचाऱ्याची चूक, संस्थेचे दायित्व

२८ मे १९९५ रोजी पंजाबमधील एका खासगी शाळेची सहल बियास नदीवर गेली असता १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. या प्रकरणात प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००१ मध्ये कायम केला. सेवेच्या ओघात कर्मचाऱ्याकडून घडलेल्या निष्काळजीपणाचे दायित्व नियोक्त्यावरही येते, हे तत्त्व या निकालाने शाळांना लागू केले. निष्काळजी शिक्षकावर फौजदारी खटला चालला, म्हणून संस्था भरपाईतून सुटत नाही.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी खासगी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. त्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. अग्निशमन साधने व इमारतीची सुरक्षितता यांची पूर्तता ही त्यामुळे केवळ मान्यतेपुरती औपचारिकता राहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबाबत व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जारी केली आहेत.

माहिती दडविणे हाही गुन्हा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अर्थात ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर अत्याचार झाल्याची माहिती असणाऱ्या अथवा तो होण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती बाब पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या नियंत्रणाखालील कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडविल्यास ही शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास व दंड अशी आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

अनेक संस्था प्रथम अंतर्गत चौकशी करून ‘खात्री’ पटल्यावर पोलिसांकडे जाण्याचा मार्ग पत्करतात. कायद्याला ही वाट मान्य नाही. गुन्हा घडला की नाही हे ठरविण्याचे काम शाळेचे नसून तपास यंत्रणेचे व न्यायालयाचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेच्या वसतिगृहाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी, अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हा गंभीर गुन्हा असल्याचे नमूद केले. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेत दोन बालिकांवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला. त्या प्रकरणात माहिती न कळविल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदविण्यात आला.

‘पोक्सो’ नियम, २०२० नुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणे शाळेवर बंधनकारक आहे. कर्मचारी अध्यापन करणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, नियम सर्वांना सारखाच आहे. कामगार ठेकेदाराने पुरविला, एवढ्या कारणाने शाळेची जबाबदारी संपत नाही.

शारीरिक शिक्षेबाबतही कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली असून, उल्लंघन करणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो.

नियोक्ता म्हणून कर्तव्ये

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेने कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ अन्वये अंतर्गत समिती नेमणे आवश्यक आहे. समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी व किमान निम्म्या सदस्य महिला असाव्यात. एक सदस्य संस्थेबाहेरील असावा. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत दाखल व्हावी आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, अशी तरतूद आहे. समिती न नेमल्यास नियोक्त्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी हा खासगी शाळांतील वादाचा जुना विषय आहे. शिक्षक हे १९७२ च्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. त्यानंतर संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने शिक्षकांना हा लाभ दिला. खासगी शाळांनी या दुरुस्तीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळले. उपदान ही संस्थेने दिलेली बक्षिसी नसून सेवेची किमान अट आहे, ही भूमिका त्यातून पक्की झाली.

सेवासमाप्ती आणि कार्यपद्धती

महाराष्ट्रात मान्यताप्राप्त खासगी शाळांतील सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने नियंत्रित होतात. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीविरुद्ध कर्मचाऱ्याला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. गंभीर शिक्षेपूर्वी दोषारोप बजावून चौकशी समितीमार्फत चौकशी करावी लागते आणि त्या समितीत कर्मचाऱ्याने सुचविलेला सदस्यही असतो. दिल्लीत १९७३ च्या शालेय शिक्षण अधिनियमानुसार कर्मचाऱ्याला काढण्यापूर्वी शिक्षण संचालकांची पूर्वमान्यता लागते. ही अट विनाअनुदानित शाळांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले.

नियम डावलल्याची किंमत मोठी असते. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये, सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास पुनर्नियुक्तीसह मागील वेतन देणे हा सर्वसाधारण नियम असल्याचे म्हटले.

म्हणून अत्याचाराची तक्रार आल्यावर शाळेपुढे दोन स्वतंत्र कर्तव्ये उभी राहतात. पोलिसांना माहिती तत्काळ द्यावयाची असते; कर्मचाऱ्याला मुलांपासून दूर ठेवून त्याच्यावरील सेवाविषयक कारवाई मात्र नियमांनुसारच करावयाची असते. पहिल्या कर्तव्यातील विलंब संस्थाचालकाला आरोपी बनवू शकतो आणि दुसऱ्यातील घाईमुळे दोषी कर्मचाऱ्यालाही पुन्हा सेवेत येण्याची वाट मोकळी होऊ शकते. पडताळणीचे दाखले, नेमणूकपत्रे, तक्रारींची नोंदवही आणि समित्यांची इतिवृत्ते वेळच्या वेळी पूर्ण ठेवणाऱ्या संस्थेलाच आपण ही दोन्ही कर्तव्ये पार पाडल्याचे न्यायालयापुढे दाखविता येते.