कोल्हापुरीचं नाव घेतलं असतं तर कायदा आडवा आला असता, घेतलं नाही म्हणून लोक चिडले! प्राडाच्या चपलेमागचं जीआयचं गणित

२२ जून २०२५. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो होता. मॉडेल रॅम्पवर आले आणि त्यांच्या पायात दिसली चामड्याची, अंगठ्याची, पट्ट्यावर वेणी घातलेली चप्पल. महाराष्ट्रातल्या कुणालाही फोटो दाखवला असता तर त्याने क्षणात सांगितलं असतं, ही तर कोल्हापुरी! प्राडाने मात्र तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं होतं.

फोटो व्हायरल झाले. कंपनीने किंमत जाहीर केलेली नसतानाही सव्वा लाख रुपयांचा आकडा मोबाईलवर फिरू लागला. मीम आले, कोल्हापूरकर भडकले, प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पण या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग आहे, मग प्राडावर कारवाई का झाली नाही?

याचं उत्तर समजून घेतलं की फॅशनच्या जगात पैसा नक्की कशाचा मिळतो, हेही समजतं.

रोजची वस्तू, महागडं लेबल

साध्या वापरातली वस्तू उचलायची आणि तिला फॅशन म्हणून विकायचं, हा प्रकार नवा नाही. २०१७ मध्ये बॅलेन्सियागा या कंपनीने एक निळी चामड्याची पिशवी बाजारात आणली. किंमत होती २,१४५ डॉलर. ती दिसायला आयकिया या फर्निचरच्या दुकानात ९९ सेंटला मिळणाऱ्या निळ्या पिशवीसारखीच होती. २०२२ मध्ये याच कंपनीने कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी बॅग काढली, ती १,७९० डॉलरला.

भारतीय वस्तूही यातून सुटल्या नाहीत. २०२५ मध्येच अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या दुकानात आपल्याकडे किराणा आणि फरसाणाच्या दुकानात फुकट मिळते तशी हिंदी छपाईची कापडी थैली ४८ डॉलरला, म्हणजे साधारण चार हजार रुपयांना विकायला होती. प्राडाच्या शोनंतर दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई व्हिताँचा शो झाला. त्या कलेक्शनमधली रिक्षाच्या आकाराची बॅग पुढे बरीच गाजली.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. लुई व्हिताँने आपलं कलेक्शन भारतावरून सुचल्याचं उघड सांगितलं होतं. शोचा सापशिडीचा सेट स्टुडिओ मुंबईचे वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्यासोबत केला होता. त्यामुळे रिक्षाच्या बॅगेवर लोक हसले, पण चिडले नाहीत. प्राडाच्या बाबतीत राग होता तो कोल्हापूरचा साधा उल्लेखही नसल्याचा.

चप्पल कोल्हापूरची, पण फक्त कोल्हापूरची नाही

कोल्हापुरी हा एका डिझायनरने कागदावर काढलेला नमुना नाही. कापशी, पायताण, बक्कलनाली, पुकरी असे तिचे अनेक प्रकार आहेत आणि त्यातली काही नावं गावांवरून पडली आहेत.

पारंपरिक पद्धतीत कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं. या कामात काही आठवडे जातात. त्यानंतर तळ कापणं, थर जोडणं, कान बसवणं, चामड्याच्या वादीने शिवणं ही कामं होतात. अस्सल जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो. पट्ट्यावरची बारीक वेणी घालण्याचं काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायका करतात. कातडं कमावणारा ढोर समाज आणि चप्पल बनवणारा चर्मकार समाज, या दोघांच्या हातातून ही कला टिकली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात तिला राजाश्रय मिळाला.

आणि ही कला एका राज्यात मावत नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळाल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यात आठ जिल्हे होते. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जीआयची मालकीही दोन सरकारी महामंडळांकडे मिळून आहे. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर.

जीआय नक्की कशाचं रक्षण करतो?

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. भारतात यासाठीचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. दार्जिलिंग चहा हे पहिलं नाव नोंदलं गेलं.

बऱ्याच जणांचा समज असा असतो की जीआय मिळाला म्हणजे ती वस्तू दुसऱ्या कुणी बनवूच शकत नाही. तसं नाही. जीआय रक्षण करतो ते नावाचं. ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने न बनवलेल्या वस्तूला ते नाव लावून विकता येत नाही, किंवा ती त्या भागातली आहे असं भासवता येत नाही. वस्तूचा आकार, तिची नक्षी, तिचं दिसणं यावर जीआय हक्क देत नाही.

मग आकारासाठी कोणता कायदा? त्यासाठी डिझाईन कायदा, २००० आहे. पण त्याची पहिली अट अशी की डिझाईन नवं हवं. नोंदणी झाली की १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ५ वर्षांची वाढ मिळते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चप्पल 'नवीन' म्हणून नोंदवणार कशी? ती सगळ्यांना माहीत आहे, हीच तिची कायद्यातली अडचण.

आता प्राडाचं प्रकरण या चौकटीत ठेवून बघितलं की गंमत लक्षात येते. समजा, प्राडाने इटलीत बनवलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून भारतात विकली असती, तर जीआय कायद्याचा भंग झाला असता. प्राडाने नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं, त्यामुळे कायद्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. नाव न घेणं हेच कंपनीच्या पथ्यावर पडत होतं आणि लोकांचा राग नेमका त्याच गोष्टीवर होता.

यात आणखी एक मर्यादा आहे. जीआय ज्या देशात नोंदवला, त्या देशापुरताच चालतो. भारतातली नोंदणी मिलानमधल्या दुकानात आपोआप लागू होत नाही.

मग कोर्टात काय झालं?

वाद पेटल्यावर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिलं. प्राडाकडून लोरेन्झो बर्तेली यांचं उत्तर आलं. ही चप्पल भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून सुचल्याचं कंपनीने त्यात मान्य केलं. डिझाईन अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि ते विक्रीला येईल हे ठरलेलं नाही, असंही कळवलं.

दरम्यान काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १६ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. कारण प्राडा बरोबर होती असं नव्हे. न्यायालयाचा मुद्दा होता की जीआयची मालकी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी स्वतः दावा करायला हवा. याचिका करणारे वकील हे जीआयचे मालक नव्हते.

कायद्यानुसार असा दावा जीआयचा नोंदणीकृत मालक आणि 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद झालेला उत्पादक करू शकतो. म्हणजे चप्पल बनवणाऱ्या कारागिराला केवळ कारागीर असून भागत नाही, त्याचं नाव नोंदवहीत असावं लागतं. ज्या घरात तीन पिढ्या वेणी घालत आल्या, त्या घराचं नाव नोंदवहीत नसेल तर कायद्याच्या दारात त्यांना थांबावं लागतं.

रागातून करारापर्यंत

जुलैमध्येच प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात करार झाल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्र आणि कर्नाटकात कारागिरांकडून साधारण २,००० जोड बनवून घ्यायचे आणि प्राडाच्या जगभरातल्या ४० दुकानांत व ऑनलाइन विकायचे, असं ठरलं. एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने ८४ हजारांच्या आसपास. कारागिरांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रमही करारात आहे.

या कलेक्शनच्या नावात 'मेड इन इंडिया' आणि 'कोल्हापुरी चपलांवरून प्रेरित' हे दोन्ही शब्द आले. सहा महिन्यांपूर्वी जे नाव कुठेच नव्हतं, ते आता लेबलवर आलं. चप्पल जवळपास तीच, फक्त नाव घेतलं गेलं आणि नाव घ्यायचं म्हटल्यावर काम या जिल्ह्यांतल्या कारागिरांना द्यावं लागलं.

८०० युरोतले किती कारागिराच्या हातात पडतात, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो २,००० जोडांपेक्षा मोठा आहे. कारण कोल्हापूरच्या बाजारात साधी जोडी काही शे रुपयांपासून मिळते, रेक्झिनच्या नकली चपला त्याहून स्वस्त मिळतात आणि त्या सर्रास कोल्हापुरी म्हणूनच विकल्या जातात. जीआय कायद्याचा खरा भंग मिलानच्या रॅम्पपेक्षा तिथे जास्त होतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोतही असंच घडलं. आदिदासने डिझायनर विली चावारिया यांच्यासोबत 'ओआहाका स्लिप-ऑन' नावाचा बूट दाखवला. ओआहाका राज्यातल्या व्हिया इदाल्गो यालालाग या गावातली वाराचे नावाची पारंपरिक चामडी चप्पल आणि खाली स्पोर्ट्स शूजचा तळ, असं त्याचं रूप होतं. मेक्सिको सरकारने आक्षेप घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासच्या प्रतिनिधीने त्या गावात जाऊन जाहीर माफी मागितली.

युरोपातही नियम बदलत आहेत. तिथे वाईन, चीज अशा पदार्थांना भौगोलिक नावाचं संरक्षण आधीपासून होतं. १ डिसेंबर २०२५ पासून युरोपीय संघात हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीही तशी नोंदणी सुरू झाली. उद्या परदेशात नाव जपायचं असेल तर हा रस्ता महत्त्वाचा ठरणार आहे.

कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत

हा धडा फक्त चपलेपुरता नाही. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा-गोंदियात, अशीच एक वस्तू आहे. नागझिरा, बोदलकसा या भागातल्या पानझडी जंगलात ऐनाची झाडं असतात. अशा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढतात. पूर्व विदर्भातला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या हे कोशांचं काम करत आला आहे. या टसरपासून विदर्भात करवतकाठी साडी विणली जाते. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. करवतकाठी साडी आणि कापडालाही जीआय आहे.

उद्या एखाद्या परदेशी ब्रँडने करवतीच्या दातांचा काठ उचलून त्याचा स्कार्फ केला आणि त्याला नुसतं 'सिल्क स्टोल' म्हटलं, तर कायदा पुन्हा तिथेच अडेल. फरक इतकाच की कोल्हापुरी ओळखणारे लाखो लोक होते म्हणून आरडाओरडा झाला. करवतकाठी फोटोत बघून ओळखणारे किती असतील?

खरेदी करताना काय बघावं?

कोल्हापुरी घेताना कातडं खरं आहे का, तळाला शिलाई आहे की नुसतं चिकटवलंय, हे उलटून बघता येतं. लिडकॉमने अस्सल चपलांसाठी क्यूआर कोडची सोय आणली आहे. कोड असेल तर तो स्कॅन करता येतो. दुकानदाराला चप्पल कुठल्या गावात बनली हे विचारायलाही पैसे पडत नाहीत. करवतकाठी घेताना काठ विणलेला आहे की छापलेला, हे कापडाच्या मागच्या बाजूने लगेच कळतं.

आणि पुढच्या वेळी रॅम्पवर ओळखीची वस्तू दिसली, तर फोटो शेअर करताना तिचं खरं नाव आणि गाव सोबत लिहिणं उपयोगाचं ठरतं. प्राडाच्या बाबतीत कोर्टाच्या निकालाआधी काम केलं ते लाखो लोकांनी तिथे 'कोल्हापुरी' हा शब्द लिहिला त्याने.