परतीची वाट : सुरत ते वणी, ऑक्टोबर १६७०

पॅरिसहून अॅम्स्टरडॅमला मोटारीने जाणारा प्रवासी फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स असे तीन देश ओलांडतो आणि त्याला सीमेवर बहुधा कोणी थांबवत नाही. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी करार झाला, मार्च १९९५ पासून तो अमलात आला, म्हणून हे शक्य झाले. नियोजन म्हणजे मग टोल, इंधन आणि मुक्काम, एवढेच उरते.

मित्रहो, सतराव्या शतकात नाशिकहून सुरतेस निघणाऱ्याचे गणित फार निराळे होते. नाशिक मोगलांचे, घाट उतरला की जव्हारच्या राजाचा मुलूख, पुढे रामनगर, म्हणजे नंतरचे धरमपूर, डाव्या हाताला पोर्तुगीजांचे दमण, आणि मग पुन्हा मोगलांचे सुरत, जिथे इंग्रज आणि डच यांच्या वखारी. अंतर पॅरिस-अॅम्स्टरडॅमच्या निम्म्याहून कमी, सत्ता मात्र जास्त. आमचा सुरगाणा तालुका याच डोंगरपट्ट्यात वसलेला आहे.

सुरतेच्या दोन्ही स्वाऱ्यांबद्दल लिहिताना आपण लुटीचे आकडे सांगतो आणि थांबतो. या धाग्याचा विषय वाट हा आहे.

जानेवारी १६६४ ची पहिली स्वारी गुप्ततेवर उभी होती. महाराज पोर्तुगीजांवर किंवा सिद्दीवर चालून जाणार, अशी हूल आधीच उठवली गेली होती. प्रत्यक्षात फौज नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या बाजूने घाटाखाली उतरली. जव्हारची परंपरा सांगते की राजा विक्रमशहाने शिरपामाळावर महाराजांचे स्वागत केले. ५ जानेवारीस फौज गणदेवीला पोहोचली, तेव्हा कुठे सुरतेला जाग आली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. १० तारखेस, मोगलांची कुमक येण्यापूर्वी, मराठे निघूनही गेले होते. जाणे आणि येणे दोन्ही वेगावर निभावले.

दुसऱ्या वेळी तसे होणार नव्हते. ३ ऑक्टोबर १६७० रोजी सुरतेवर हल्ला झाला आणि ५ तारखेस फौज बाहेर पडली. या वेळी औरंगाबादेस शहजादा मुअज्जम होता, आणि त्याने पाठवलेला दाऊदखान बऱ्हाणपूरकडून चांदवडच्या रोखाने येत होता. जाताना मोकळा असलेला घोडा येताना ओझ्याने भरलेला असतो, ही साधी गोष्ट इथे निर्णायक ठरते. लुटीचे बैल घोडदौड करीत नाहीत.

हातगड सुरगाणा तालुक्यात आहे आणि त्याच्या पायथ्याहून सापुतारामार्गे सुरतेचा रस्ता जातो, म्हणून परतीची वाट हीच असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मोह मलाही होतो. पण साधनांत नाव येते ते मुल्हेरचे. म्हणजे फौज आपल्या उत्तरेकडून, बागलाणातून वर चढली आणि कांचन-मांचनच्या खिंडीने चांदवडची डोंगररांग ओलांडून वणी-दिंडोरीच्या सपाटीवर आली. तालुक्याच्या अभिमानापेक्षा मी मुल्हेरला मत देईन.

इथे केलेली योजना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दाऊदखान जवळ आल्याचे कळताच फौज विभागली गेली : खजिना घेऊन एक भाग नाशिकच्या वाटेने पुढे निघाला आणि दुसरा शत्रूला अडवण्यासाठी मागे थांबला. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली. मोगलांच्या आघाडीचा इखलासखान मियाना उतावळेपणाने पुढे घुसला आणि जखमी होऊन घोड्यावरून पडला. हे सांगणारा भीमसेन सक्सेना दाऊदखानाच्याच छावणीत होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. संध्याकाळपर्यंत मराठ्यांचे काम झाले होते. मैदान राखणे हे ते काम नव्हतेच. खजिन्याला वेळ मिळवून देणे, एवढेच होते. तो कोकणात सुखरूप पोहोचला.

सुरत सोडल्यापासून वणीपर्यंत १२ दिवस गेले. एवढा काळ शत्रूच्या मुलखात, ओझ्यासह. स्वारी यशस्वी झाली खरी, पण वाट आपली नव्हती, हे त्या १२ दिवसांनी दाखवून दिले असणार. पुढच्या दोन वर्षांच्या घटना या दृष्टीने वाचाव्यात. १६७१ च्या आरंभी साल्हेर घेतला गेला, आणि बागलाणचा दरवाजा हाती आला. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले आणि जुलैत रामनगर. शिरपामाळाची आठवण सांगणाऱ्या जव्हारच्या गादीवर तेव्हाही विक्रमशहाच होता. आठ वर्षांपूर्वीच्या सौहार्दाने त्याचे राज्य वाचवले नाही. चरित्रांमध्ये या प्रसंगावर फारसे रेंगाळत नाहीत.

रामनगर हाती आल्यावर आणखी एक गोष्ट घडली. रामनगरचा राजा दमणच्या मुलखातून पोर्तुगीजांकडून चौथाई घेत असे. आता राज्य आमचे, तेव्हा ती चौथाईही आमची, अशी मागणी महाराजांनी पोर्तुगीजांकडे केली.