खडकवासला धरण : पाया व पाण्याचा निचरा

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवरील दगडी धरण. मुंबई इलाख्यातील अभियंते फाइफ यांच्या योजनेनुसार ते १८७० च्या दशकात बांधले गेले व जलाशयास ‘लेक फाइफ’ हे नाव मिळाले. भारतातील आरंभीच्या मोठ्या दगडी धरणांपैकी हे एक होय.

जलाशयाच्या आडव्या दाबाचे गणित त्या काळी अवगत होते. परंतु पायाच्या भेगांत शिरलेले पाणी बांधकामास खालून वर उचलते, हे पुरेसे ध्यानी आलेले नव्हते. या उत्थापक दाबामुळे भिंतीचे परिणामी वजन घटते व ती घसरण्याची किंवा उलथण्याची भीती वाढते. वेल्समधील व्हर्न्वी धरणाच्या (१८८१–८८) पायात निचऱ्याची सोय केली गेली. तथापि १८९५ मध्ये फ्रान्समधील बूझे धरण फुटून ८० हून अधिक माणसे दगावल्यावरच या दाबाकडे सर्वत्र लक्ष वेधले गेले. खडकवासल्याची मूळ भिंत या अनुभवापूर्वीची आहे.

१२ जुलै १९६१ रोजी वरच्या बाजूचे पानशेत येथील मातीचे धरण फुटले. त्याच्या तळातून जाणाऱ्या विमोचक मार्गाचे काम अपुरे असतानाच जलाशय भरला. मार्गावरील भराव खचला आणि माथा खाली बसून पाणी वरून वाहू लागले. त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले व पुण्यातील नदीकाठच्या पेठा उद्‌ध्वस्त झाल्या. खडकवासल्याची भिंत पायातील पाझराने नव्हे, तर पुराच्या भाराने फुटली. पानशेतला मात्र पाण्याची वाट आधी पक्की न केल्याचे फळ भोगावे लागले. धरणाचा फुटलेला भाग पुढे पुन्हा बांधण्यात आला.

आधुनिक दगडी वा काँक्रीट धरणात पाण्याकडील बाजूस खडकातील भेगा सिमेंटने बुजवितात व त्यामागे निचऱ्याची छिद्रे पाडतात. छिद्रांतून येणारे पाणी नियमित मोजतात, कारण चुनखडीच्या थराने ती बुजल्यास दाब पुन्हा वाढतो. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या व खडकवासला येथे असलेल्या ‘सेंट्रल वॉटर अँड पॉवर रिसर्च स्टेशन’ या संस्थेत धरणांविषयीच्या अशा प्रश्नांचे संशोधन होते.

घराच्या काँक्रीट फरशीच्या पायासही हेच तत्त्व लागू पडते. काळी माती ओलीने फुगते व वाळल्यावर आकसते, त्यामुळे फरशीस तडे जातात. म्हणून जोत्यापासून बाहेर जमिनीला उतार देणे, छपराचे पाणी पन्हळीने दूर नेणे आणि फरशीखाली मुरूम व दगडांचा थर घालणे हितावह ठरते. पाणी अडविण्याइतकेच त्यास वाट देणेही आवश्यक असते. ती वाट तुंबू न देणे हे बांधकामानंतरचे कायमचे काम होय.