हरित तंत्रज्ञानासाठीचे खाणकाम आणि खानदेश

पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि बॅटऱ्या यांसाठी खनिजे काढताना व प्रकल्प उभारताना जमीन, पाणी आणि माणसांना सोसावी लागणारी हानी. खानदेशातील धुळे-जळगावची भूमी बेसाल्टची असल्याने इथे दगड, मुरूम आणि तापी-गिरणेची वाळू निघते. धातू बाहेरूनच येतात. तांब्याच्या खनिजात धातू बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. त्यामुळे एक टन तांब्यासाठी शंभर टनांहून अधिक दगड फोडावा लागतो आणि उरलेला गाळ कायमचा साठवून ठेवावा लागतो. मध्य प्रदेशातील मलाजखंड ही भारतातील तांब्याची सर्वांत मोठी खाण. बॅटऱ्यांतील कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगोतून येतो. तिथल्या काही खाणींत लहान मुलेही हाताने खोदकाम करतात.

खानदेशाच्या वाट्याला मुख्यतः जमिनीचा प्रश्न आला. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पठारांवर पवनचक्क्या आल्या, शिवाजीनगर येथे 2013 मध्ये महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. अवजड पाती आणि मनोरे वर नेण्यासाठी डोंगर कापून रस्ते करावे लागतात; सुटा झालेला मुरूम पावसाळ्यात उताराखालच्या शेतांत उतरतो. काही पवनचक्क्या वनजमिनीवर आहेत. अशा जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींच्या हक्कांना 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्यता दिली, पण तोवर अनेक मनोरे उभे राहिले होते.

शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे औष्णिक प्रकल्पासाठी संपादित केलेली जमीन पुढे सौर प्रकल्पाकडे वळवण्यात आली. विहीर आणि आंब्याची झाडे असलेल्या आपल्या पाच एकरांना सुमारे 4 लाख रुपयेच मिळाले, अशी 84 वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांची तक्रार होती. दाद लागेना, तेव्हा 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले; 28 जानेवारीला मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले. जिवंतपणी मागितलेला न्याय मृत्यूनंतर मिळावा, हे या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणे वास्तव आहे. स्वच्छ विजेसाठीही संपादनाची रीत जुनीच राहिली.

प्रकल्पांचे आयुष्य साधारण 20 ते 25 वर्षांचे असते. पवनचक्क्यांच्या पात्यांतील काचतंतू आणि राळ वेगळे करणे अवघड असल्याने त्यांचा पुनर्वापर फारसा होत नाही. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला असून निकामी पॅनेलचा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.